मिसळ दुपारी संपते, संध्याकाळी बँड वाजवू द्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कोल्हापुरातल्या गिटार वाजवणाऱ्या पोरांवर अर्धं पान छापलं त्याबद्दल आधी आभार, कारण एरवी आमच्याकडं संगीत म्हटलं की एकतर देवल क्लबातलं शास्त्रीय नाहीतर डॉल्बी, मधलं काही असतं हे कुणाच्या गावीच नसतं. पण त्या लेखाचा शेवट वाचून डोकं फिरलं. लिहिणाऱ्यानं ठरवूनच टाकलंय की या पोरांनी पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय त्यांचं काही होणार नाही. मी स्वतः १९८६ पासनं २००४ पर्यंत बेंजो पार्टीत, म्हणजे हळदी-वराती-मिरवणुकीतल्या बँडमध्ये, वाजवलंय, आता वय ६१, रॉकमधला मी काही जाणकार बिणकार नाही, पण बँड कशानं उभा राहतो आणि कशानं बसतो हे त्या लेखकापेक्षा मला चार आणे जास्त कळतं असं नम्रपणे (फार नम्रपणे नाही) सांगायचंय. पत्र लांबलंय. कापायचंच असेल तर सुरुवातीचं कापा, शेवटचं ठेवा.

२०२१ च्या पुरात हायवे बंद झाला तेव्हा माझी लेक इथंच अडकली होती, पुण्याला जाता येईना. आमच्या पेठेत पाणी नव्हतं, लाईट होती, मग काय दिवसभर लॅपटॉपवर ती गेम ऑफ थ्रोन्स नावाची सिरीयल. त्यात एक मुका जल्लाद आहे. टकल्या, डोळे वटारून बघतो, तोंडातनं एक शब्द नाही, नुसत्या नजरेनं समोरच्याचं पाणी पाणी. मी म्हटलं हा कोण गं, भारी काम करतोय. तर लेक मोबाईलवर बघून म्हणते, बाबा हा ॲक्टर नाहीच, हा गिटारवाला आहे, विल्को जॉन्सन, डॉक्टर फीलगुड नावाच्या बँडमधला. आणि तिनं १९७५ सालातला एक व्हिडिओ लावला.

साहेब, तो व्हिडिओ मी त्या दिवशी सात-आठ वेळा बघितला असेल. काळा सूट, काळी टेलिकास्टर गिटार, तिच्यावर लाल पट्टी, आणि हा माणूस चावी दिलेल्या खेळण्यासारखा स्टेजवर सरळ रेषेत पुढं जातोय मागं येतोय, डोळे तेच जल्लादाचे, मधेच गिटार बंदुकीसारखी उचलून पब्लिकवर रोखतोय. पण माझं लक्ष त्याच्या उजव्या हातावर. पिक (तारा छेडायची चकती) नाही! नुसत्या बोटांनी तारांवर चापट्या मारल्यासारखं वाजवतोय, आणि ऱ्हिदम पण तोच आणि मधे मधे तुकडे पण तोच, दुसरा गिटारवाला बँडमध्ये नाहीच. हे बघून मला एकदम आपली आठवण झाली, कारण बेंजोवाल्याचं पण तसंच असतं, डाव्या हातानं बटणं दाबून चाल काढायची आणि उजवा हात सगळ्या तारांवरनं फिरवत राहायचा, म्हणजे खाली सूर पण चालू राहतो. (बेंजो म्हणजे टाईपरायटरसारख्या बटणांचं जे वाद्य आहे ते. ते मूळ जपानचं, तिथल्या नागोयात १९१२ साली निघालं. आमच्यातल्या कित्येकांना ते कोल्हापूरचंच वाटतं, मलाही बरीच वर्षं वाटायचं.) आम्ही पिक म्हणून प्लास्टिकच्या बरणीचं झाकण कापून वापरायचो, दुकानातली पिकं हळदीच्या एका रात्रीत झिजायची. याला तेवढंही लागत नाही.

मग मी या लोकांच्या मागंच लागलो. लेक इंग्लिश वाचून सांगायची, पुढं पुढं मीच सबटायटल लावून बघायला लागलो.

हे लोक लंडनचे नाहीत, हीच तर गंमत आहे. इंग्लंडात एसेक्स जिल्ह्यात थेम्स नदी समुद्राला मिळते तिथं कॅन्व्ही नावाचं बेट आहे, तिथले. बेट म्हटल्यावर नारळाची झाडं डोळ्यासमोर आणू नका, तिथं तेलाच्या टाक्या, पलीकडं त्या काळी रिफायनरीच्या चिमण्या, आणि जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, बंधारा घालून राखलेली. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री समुद्र बंधाऱ्यावरनं आत आला आणि एका रात्रीत त्या बेटावर ५८ माणसं गेली. विल्को तेव्हा ५ वर्षांचा, त्याच बेटावर. हे सगळं लेक मला वाचून दाखवत होती आणि बाहेर आमची पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी कधीच ओलांडून चिखलीत, आंबेवाडीत शिरलेली. शिरोलीजवळ हायवेवर पाणी. त्यामुळं त्या बेटावरची माणसं मला परकी वाटलीच नाहीत.

तर १९७१ साली या बेटावर चार गडी जमले. गाणारा आणि माऊथ ऑर्गन वाजवणारा ली ब्रिलो, गिटारवर विल्को, बेसवर स्पार्को आणि ड्रमवर एक आडवा माणूस ज्याचं नावच द बिग फिगर. यातलं एकही नाव खरं नाही बरं का! लीचं खरं आडनाव कॉलिन्सन, विल्को म्हणजे जॉन विल्किन्सन हे नाव उलटं पालटं केलेलं. आमच्या पेठेत जशी कुणाला खऱ्या नावानं हाक मारली तर तो मान वळवत नाही तसलाच प्रकार. विल्को कॉलेज शिकलेला, इंग्लिश घेऊन, नंतर जमिनीवरच्या रस्त्यानं थेट भारतापर्यंत भटकून गेला, परत जाऊन शाळेत मास्तर झाला. ली त्याच्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान. सुरुवातीला हे लोक आमच्यासारखेच, मिळेल ती सुपारी घ्यायची, कुणी जुना गायक आला तर त्याच्या मागं वाजवायचं. गाणी स्वतःची थोडी आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांची जुनी बरीच, तीन मिनिटांची, आली नी गेली. त्या वेळी इंग्लंडात मोठे मोठे बँड एकेक गाणं वीस वीस मिनिटं घोळवत होते, तेवढ्यात आमची अख्खी वरात मारुतीच्या देवळापासनं मांडवापर्यंत पोचायची.

आता पबचं सांगतो. आपल्याकडं पब म्हटलं की लगेच बायाबापड्यांच्या कपाळाला आठ्या, परमिट रूमच आठवते. दारू तिकडं पण आहेच, खोटं कशाला बोला, पण पब म्हणजे गल्लीतली बसायची जागा, मागं नाहीतर तळघरात एक खोली, शंभर-सव्वाशे माणसं दाटीवाटीनं. १९७१ मध्ये लंडनच्या केंटिश टाउन भागात टॅली हो नावाच्या पबमध्ये एग्ज ओव्हर ईझी नावाचा एक अमेरिकन बँड होता, त्यांनी तिथं वाजवायला मागितलं आणि मालकानं दिलं. तो पब खरं तर जॅझवाल्यांचा. पण गर्दी व्हायला लागली, मग दुसऱ्या पबवाल्याला वाटलं आपण पण का नको, मग तिसऱ्याला. इझलिंग्टनमधलं होप अँड अँकर, आणखी कुठली कुठली. त्यालाच पुढं पब रॉक म्हणायला लागले. नाव गाण्याच्या जातीवरनं पडलेलं नाही, जागेवरनं पडलंय. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एखाद्या पबवाल्यानं सोमवारची रिकामी रात्र बँडला दिली नसती तर तसलं संगीत निघालंच नसतं.

आमचे कॅन्व्हीवाले १९७३ ला तिथं पोचले. आता कुणी म्हणेल, बघा, शेवटी लंडनला गेलेच की! गेले, पण वाजवायला गेले, राहायला नाही. कॅन्व्ही ते लंडन अंतर ५० एक किलोमीटर, म्हणजे आपलं कोल्हापूर ते सांगली. संध्याकाळी गाडीत सामान टाकायचं, वाजवायचं, रात्री परत बेटावर. सकाळी आपल्याच चहावाल्याकडं. पोशाख असा की बँकेत दरोडा टाकून आल्यासारखा, लीचा तो पांढरा कोट तर बघवत नाही, प्रत्येक कार्यक्रमाचा घाम आणि डाग त्याच्यावर जमा. आमच्या पार्टीला लाल कोट होते सोनेरी झालरीचे, भाड्याचे, ते आम्ही धुवायचो निदान.

१९७५ ला पहिली रेकॉर्ड, तीसुद्धा मोनो, स्टिरिओच्या जमान्यात. आणि १९७६ ला स्टुपिडिटी नावाची रेकॉर्ड इंग्लंडात एक नंबरला गेली. साहेब, ती लाईव्ह रेकॉर्ड होती! एक बाजू शेफिल्डच्या कार्यक्रमातली आणि दुसरी साउथएंडची, म्हणजे घरापासनं हाकेच्या अंतरावरची. जे रात्री वाजवत होते तेच कापून छापलं आणि देशात पहिलं. ते कसं जमलं तर पबमध्ये रोज वाजवून वाजवून. पब्लिक दोन फुटांवर असतं तेव्हा कुठलं गाणं पडलं ते लगेच कळतं. माणूस उठून बाहेर जातो नाहीतर ग्लास खाली ठेवून बघत राहतो. मैदानावर ते कळत नाही. आम्हाला गणपतीच्या मिरवणुकीत कधीच कळलं नाही आम्ही चांगलं वाजवतोय का वाईट, नाचणारे नाचतच असतात, त्यांना काय. कळायचं ते हळदीत. नवरीच्या दारात, पंधरा बायका ओट्यावर बसलेल्या, एखादी म्हातारी म्हणायची, आरं ते परत वाजव की रं, मघाचं. एकदा करवीर तालुक्यातल्या एका गावात हळदीला रात्री लाईट गेली, ॲम्प्लिफायर बंद, कॅसिओ बंद, आणि आम्ही नुसता बेंजो, ढोलकी नि घुंगरू यावर पाऊण तास काढला, बेंजो तर बिनइलेक्ट्रिकचा इतका बारीक वाजतो की सगळी पोरंटोरं गप होऊन जवळ सरकून बसली. लाईट आल्यावर आमच्यातलाच एकजण म्हणाला, आता परत बंद करा रे. अठरा वर्षांत मी सगळ्यात चांगला त्या रात्री वाजवला. खोटं नाही सांगत.

१९७७ ला त्यांचं फाटलं. चौथी रेकॉर्ड चालू असताना भांडण, निमित्त एका गाण्याचं, आणि विल्को बाहेर. सोडला म्हणा, काढला म्हणा, दोन्हीकडचे शेवटपर्यंत वेगवेगळं सांगत राहिले. बाकीचे पिणारे आणि हा न पिणारा, गाणी लिहिणारा हा आणि टाळ्या लीला, असलं बरंच साचलेलं. आमच्याकडं पण हेच झालं होतं १९९३ च्या सुमारास, आमचा कॅसिओवाला गेला, तो म्हणतो तुम्ही काढलं, आम्ही म्हणतो तू गेलास, आणि भांडण कशावरनं तर बॅनरवर कुणाचा फोटो मोठा. आता लग्नात भेटतो तेव्हा एकमेकांना आधी जेवायला वाढतो. त्यावर बोलत नाही.

पण ली थांबला नाही. दुसरा गिटारवाला घेतला, १९७९ ला एक गाणं पहिल्या दहात आणलं, मग तेही दिवस गेले. त्याच्या आधीच, १९७६-७७ ला, पंक नावाचं नवं रांगडं रॉक आलं होतं आणि या लोकांना म्हातारं ठरवून मोकळं झालं होतं, खरं तर पंकमधली बरीच पोरं यांनाच बघून शिकलेली, क्लॅश नावाच्या पंक बँडचा गाणारा स्वतः आधी पब रॉकमध्येच होता. १९८२ ला स्पार्को आणि बिग फिगर पण गेले. ली एकटा जुना राहिला आणि वर्षातले बहुतेक दिवस गाडीतच, या गावाहून त्या गावाला. १९९३ ला त्याला कॅन्सर निघाला. १९९४ च्या जानेवारीत कॅन्व्हीवरच, बँडच्याच नावाच्या बारमध्ये, शेवटचं वाजवलं, एप्रिलमध्ये गेला. वय ४१. विल्कोची गोष्ट उलटी, त्याला कॅन्सर झाल्याचं २०१३ ला जाहीर झालं, डॉक्टर थोडेच महिने राहिलेत म्हणाले, त्यानं केमो घेतली नाही, निरोपाचे कार्यक्रम लावले, द हू बँडच्या रॉजर डॉल्ट्रीबरोबर रेकॉर्ड काढली ती तीन नंबरला गेली, आणि मग केंब्रिजच्या दवाखान्यात ऑपरेशन करून तीन किलोची गाठ काढली आणि बाबा बरा झाला! २०२२ च्या नोव्हेंबरात गेला, पंचाहत्तरीचा होऊन. बातमी आली तेव्हा लेकीनं पुण्यातनं फोन केला, घरातलं कुणी गेल्यासारखा.

आणि डॉक्टर फीलगुड अजून वाजवतात. चौघांतला एकही नाही त्यात. लोक हसतात की हा कसला बँड, पण कोल्हापूरच्या माणसानं तरी हसू नये. आपल्या केशवराव भोसल्यांनी १९०८ ला ललितकलादर्श काढली, १९२१ ला केशवराव ऐन एकतिशीत गेले, तर कंपनी बंद पडली का? बापूराव पेंढारकरांनी चालवली, त्यांच्या मागं भालचंद्र पेंढारकरांनी. कुणी म्हटलं नाही ही ती ललितकलादर्श नव्हे म्हणून. त्याच केशवरावांच्या नावाचं नाट्यगृह २०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती, त्या रात्री मी पण खासबागेच्या कोपऱ्यावर उभा होतो आणि माझ्या शेजारी सत्तरीतला एक अनोळखी माणूस हुंदके देत होता. ते परत उभं राहायलाच पाहिजे, यात वाद नाही. पण मी म्हणतोय ती जागा ती नव्हे. तिथं पोचायच्या आधीची जागा कुठाय?

कारण आमची पार्टी डॉल्बीनं मारली असं सगळे म्हणतात, मी पण वीस वर्षं तेच सांगत फिरलो. अर्धंच खरं आहे. डॉल्बीनं मिरवणूक घेतली, वरात घेतली, हळद पण घेतली. पण मिरवणूक, वरात, हळद सोडून आम्हाला वाजवायला दुसरी जागाच नव्हती, सीझन संपला की बेंजो पेटीत आणि आम्ही उद्यमनगरात लेथवर. नवीन काही बसवावं, चुकावं, परत बसवावं, असली जागा नव्हती. एकदा हौसेनं एक हॉल भाड्यानं घेतला होता स्वतःच्या पैशानं, तर ऐन वेळी कुणाची तरी मीटिंग निघाली म्हणून आमचं रद्द आणि डिपॉझिट आजतागायत नाही मिळालं, नाव घेत नाही, माणूस आता हयात नाही. परत काही आम्ही त्या नादाला लागलो नाही.

इंग्लंडात तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. तिथं कायदा होता की वेगळा परवाना नसेल तर पबमध्ये दोनच वाजवणारे चालतील, तिसरा आला की गुन्हा. २००३ च्या कायद्यानं तो नियम काढला तर उलट एकट्या गिटारवाल्याला पण परवाना लागायला लागला! मग बोंबाबोंब करून २०१२ ला लाईव्ह म्युझिक ॲक्ट आणला, दोनशेच्या आत माणसं असतील आणि सकाळी ८ ते रात्री ११ मध्ये वाजवणार असाल तर त्या परवान्याची गरज उरली नाही (दोनशेची ती हद्द २०१५ ला पाचशेवर नेली). आपल्याकडं रात्री १० नंतर स्पीकर बंद, हा नियम चांगलाच आहे, मी डॉल्बीच्या विरोधात सह्या गोळा केलेल्या माणसांपैकी आहे, घरात बीपीचं पेशंट आहे. पण चाळीस माणसांची खोली आणि एक छोटा ॲम्प म्हणजे डॉल्बी नव्हे, आणि संध्याकाळी ७ ते ९ म्हणजे रात्री १० नंतर नव्हे. या दोन गोष्टींना एकच फॉर्म आणि एकच हेलपाटे का?

आणि पुण्याचं म्हणाल तर पुणे २३० किलोमीटर. बँड घेऊन जायचं, राहायचं, एका रात्रीत पाच बँडमध्ये वीस मिनिटं मिळणार, परत येईपर्यंत पेट्रोलचे पैसे अंगावर. त्यापेक्षा इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली, मिरज, निपाणी, फार तर बेळगाव. सगळीकडनं रात्री घरी परत येता येतं. मिरजेत तर सतार-तंबोरे बनवणारी माणसं बसलीत, गिटारची खुंटी बिघडली तर मुंबईला कशाला कुरिअर करता. प्रत्येक गावात एक खोली, आठवड्यातली एक संध्याकाळ. एवढंच पाहिजे. ज्यानं तो लेख लिहिला त्यानं या पोरांना विचारावं की वर्षात किती वेळा अनोळखी माणसांसमोर वाजवलंत. मी विचारलं, माझ्या भाच्याचा पण बँड आहे. तीन. त्यातलं एक कॉलेजचं गॅदरिंग.

जागा कुठली ते पण सांगतो, म्हणजे नुसती तक्रार केली असं नको. आपल्या मिसळीच्या हॉटेलांची मिसळ दुपारपर्यंत संपते. बऱ्याच ठिकाणी कट संपला की शटर खाली, संध्याकाळी खुर्च्या टेबलावर उलट्या. चाळीस-पन्नास माणसं बसायची जागा, पंखे आहेत, लाईट आहे, पाणी आहे, दारूचा प्रश्नच नाही म्हणजे आईबाप पण येतील. मी आमच्या ओळखीच्या एका मिसळवाल्याशी बोललो परवा. तो आधी हसला, मग म्हणाला गुरुवारी बघू, पण ड्रमसेट नको, वरच्या मजल्यावर म्हातारी झोपते. मी म्हटलं ड्रम नको, पोरांकडं ती बसून वाजवायची लाकडी पेटी आहे. म्हणाला चहा मी देतो, लाईटचं बिल कोण देणार? त्यावर अजून घोडं अडलंय. आणि पोलीस परवानगीचा फॉर्म नक्की कुठल्या टेबलावर मिळतो हे तुमच्या वार्ताहरानं एकदा चौकशी करून छापलं तर उपकार होतील, मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा वेगळ्या खोलीत पाठवलं.

भाच्याचा बँड तयार आहे. पहिल्या गुरुवारी मी पण बेंजो घेऊन जाणार आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही. २००४ पासनं पेटी उघडली नव्हती, काल उघडली तर दोन तारा गंजून तुटल्यात आणि 'म' चं बटण अडकतंय. तेल घातलंय.

आपला,
एक जुना बेंजोवाला
मंगळवार पेठ, कोल्हापूर

(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये. कॅसिओवाला तुमचा पेपर वाचतो.)